न्यूयॉर्क ६ तासांवर नाही, आत्या!

परवा आत्याची बॅग भरायला गेलो, तर मधुमेहाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत, साड्यांच्या तळाशी. का, तर "सहा तासांचा तर प्रवास, मध्ये कशाला लागतायत?" हे ज्ञान व्हॉट्सअ‍ॅपचं. मेसेज म्हणतो: मुंबईहून विमान रात्री १ ला सुटतं, न्यूयॉर्कला सकाळी ७ ला पोचतं, म्हणजे ६ तास. परतीला सकाळी ११ ला निघून दुसऱ्या दिवशी ११ ला मुंबई, म्हणजे २४ तास. कारण विमान वर असताना खाली पृथ्वी फिरते. शिवाय कंपन्या वाकड्या मार्गाने नेऊन अंतर फुगवतात आणि तिकिटाला लुटतात.

आधी घड्याळ. तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे. ते ६ मध्ये मिळवा, साडेपंधरा. २४ मधून वजा करा, साडेचौदा. चौथीतलं पोर करील हे गणित. आणि साडेपंधरा तास गोळ्या विमानाच्या पोटात, आत्या वर सीटवर!

आता ती फिरणारी पृथ्वी. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेला जाते, हे खरं. पण हवाही तिच्याबरोबरच जाते आणि धावपट्टीवरचं विमानही. तसं नसतं तर जुहूहून सरळ वर चढलेलं हेलिकॉप्टर तासाभराने खाली आलं की ओमानच्या किनाऱ्याला टेकलं असतं. नागपूरचं घ्या. ते मुंबईच्या पूर्वेला. विमान ताशी ८००-९०० ने मागे धावणार, नागपूर त्याच्या जवळपास दुप्पट वेगाने पुढे पळणार, जन्मात गाठ पडायची नाही. प्रत्यक्षात जाताना दीड तास, येतानाही दीडच. मेसेज पाठवणारे आत्याचे जावई नागपूरचेच. महिन्यातून एकदा विमानाने येतात.

परतीला तासभर कमी लागतो, हे मान्य. पण मेसेजच्या हिशेबाने तर उलट व्हायला हवं होतं! ही करामत वाऱ्याची. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहते. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळामुळे ती इतकी जोरात होती, की ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी साडेसहा-सात तास लागतात. पृथ्वी काय त्या रात्रीपुरती जोरात फिरली?

वाकडा मार्ग? घरातल्या पृथ्वीच्या गोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून बघा. तो पार उत्तरेला ६५ अंशांजवळ जातो, आणि भरतो सुमारे १२,५०० किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशात पट्टीने आखलेल्या रेषेने गेलात तर १४,२०० च्या आसपास. वळसे पडतात, नाही म्हणत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा भारतीय कंपन्यांना लांबून जावं लागलं. वेळापत्रकातही कंपन्या थोडा वेळ हाताशी ठेवतात. पण जादा इंधनाचे पैसे त्यांच्याच खिशातून जातात, हौसेने कोण लांबून जाईल?

गोळ्या आता पर्समध्ये आहेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. दशम्याही वरच घेतल्यात.