तात्यांचं घर मागे पडलं नव्हतं

'रानाच्या नादात तात्यांचं घराकडं दुर्लक्षच झालं' हे माळरानावरचे पक्षी-प्राणी जपणाऱ्या तात्यांवरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. मी सोलापूरजवळच्या नान्नजकडचाच, आमचा बांध त्यांच्या बांधाला लागून. तात्या माळावर निघाले की लेकी सोबत असायच्याच, पुढं नातवंडंही. पाळी घालताना टिटवीची अंडी दिसली की कुळव उचलून धरायचे, तेवढा तुकडा तसाच सोडायचे आणि पोरांना लांबूनच दाखवायचे. हात लावायची कुणाची टाप नव्हती! पखुर्ड्या, म्हणजे माळावरचे ते पक्षी, सकाळी पाण्यावर कुठं उतरतात, हे मला त्यांच्या धाकट्या लेकीनं दाखवलंय.

१९७९ साली माळढोक अभयारण्य झालं. पुढं जमिनींवरच्या निर्बंधांमुळं आमच्या भागात लोक फार वैतागले होते, तात्यांचीही जमीन त्यात अडकली. तरी लांडग्यानं घरचं करडू नेलं तेव्हा त्यांनी विष ठेवू दिलं नाही. त्या रात्री भावकी अंगावर आली, तेव्हा दारात उभ्या राहून बोलल्या त्या काकू, तात्यांच्या पत्नी. लेखात त्यांचा उल्लेखही नाही. लेखकानं एकदा काकूंना भेटावं आणि तो परिच्छेद दुरुस्त करावा, ही कळकळीची विनंती.