ट्रॅफिकचं टार्गेट ठेवायचं, पण कुणासाठी?

रविवारी कोथरूडच्या कट्ट्यावर मंग्याने परत ट्रॅफिक काढलं आणि मग काय, चहा गार झाला तरी कुणी उठेना. टॉमटॉम या नेव्हिगेशन कंपनीच्या २०२४ च्या संथ ट्रॅफिकवाल्या शहरांच्या यादीत पुणे जगात चौथं आलेलं, १० किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद, म्हणजे ताशी १८ च्या आसपास. मंग्याचं म्हणणं सरळ होतं, पालिकेने लिहून द्यावं की पाच वर्षांत ३३ चे २५ करू, नाही केले तर जाब विचारायचा.

सुध्या लगेच उसळला. "हा आकडा कुणाचा रे? नेव्हिगेशन नि मोबाईलवरून गाड्यांचा वेग काढतात. मी बसवाला, स्टॉपवर ताटकळतो ती मिनिटं धरली का त्यात?"

"तुझी बस पण त्याच जाममध्ये अडकते ना बाबा!"

यावर सुध्या जरा गप्प झाला, कारण ते खरंच होतं.

कीर्ती वाहतुकीच्या सर्व्हेंचं काम करते, तिचं डोकं वेगळीकडेच. ती म्हणाली कोंडीचे टक्के वाचताना तर अजून जपा, ते मोकळ्या रस्त्याच्या वेळेशी तुलना करून काढतात. पेठेतल्या बोळात रात्री दोनलाही तू विसाच्या वर जात नाहीस, म्हणून तिथे टक्के कमी दिसणार, आणि रुंद रस्त्यावर जास्त. म्हणजे मुळात रडका रस्ता कागदावर शहाणा ठरतो.

"आणि सरासरी घेऊन मी काय करू?" हेही तिचंच. "हिंजवडीला एरवी चाळीस मिनिटं लागतात, पावसात नव्वद. बॉस सरासरी विचारत नाही, मग मी रोजच नव्वद धरून निघते." २० पैकी १९ वेळा वेळेत पोचायचं तर किती वेळ हाताशी ठेवून निघावं लागतं, हे मोजा म्हणे. अमेरिकेत हायवेवाले हे मोजतात, प्लॅनिंग टाइम इंडेक्स म्हणतात त्याला. मला विचाराल तर अख्ख्या चर्चेत हाच मुद्दा सगळ्यात कामाचा होता, पण मंग्याला तो पटला नाही, म्हणे लोकांना कळेल असा एकच आकडा पाहिजे.

मग सिंगापूर निघालंच, ते निघाल्याशिवाय कट्टा संपतो का. पण तिथलं टार्गेट खरंच ऐकण्यासारखं आहे. एक्स्प्रेसवेवर ताशी ४५ ते ६५, मोठ्या रस्त्यांवर २० ते ३०. वेग खाली गेला की टोल वाढवतात, आणि वर गेला तर कमी करतात! मंग्याला वाटलं कीर्ती फेकतेय. "गाड्या पळतायत तर कमी कशाला?" अरे, सुसाट रस्ता म्हणजे त्यावर अजून गाड्या मावल्या असत्या, एवढा खर्च करून बांधलेला रस्ता रिकामा ठेवायचा का. म्हणजे टार्गेटला खालची हद्द पाहिजे तशी वरची पण. आपल्याकडे ही वरची हद्द कुणाच्या डोक्यातच येत नाही, आपण फ्लायओव्हर बांधतो, तेवढ्या पट्ट्यात वेग वाढतो, फोटो निघतात, आणि कोंडी पुढच्या सिग्नलला जाऊन बसते. विद्यापीठ चौकातला पूल तर २०२० मध्ये पाडावाच लागला.

सुध्याने लंडन काढलं. २००३ ला शहराच्या मध्यभागात गाडी आणायला ५ पौंड चार्ज लावला, पहिल्या वर्षी कोंडी ३० टक्क्यांच्या आसपास उतरली, नि काही वर्षांत परत होती तिथेच. मंग्या खूश, "बघ, फेल!" पण गाड्या तर कमीच राहिल्या होत्या, खोदकामं वाढली आणि सुटलेली जागा बस नि पायी चालणाऱ्यांना दिली. मग याला फेल म्हणायचं का पास? वेग हेच टार्गेट असेल तर फेल, किती माणसं नीट पोचली हे असेल तर बऱ्यापैकी पास. माझं मत सुध्याकडेच झुकतं, बसच्या वेळेचा भरवसा हे टार्गेट ठेवा, कारवाल्यांची मिनिटं त्यानंतर मोजू.

एवढ्यात कुणीतरी विचारलं चार्ज आला तर टू-व्हीलरचं काय, आणि सगळे एकदम बोलायला लागले, कारण कट्ट्यासमोर आमच्याच गाड्या आडव्या लावलेल्या. कीर्ती म्हणाली लंडनमध्ये टू-व्हीलरला माफी आहे, सिंगापूरमध्ये नाही.

"मग आपण लंडन," मंग्या.

"पुण्यात टू-व्हीलर सोडल्या तर चार्ज घेणार कुणाकडून, तुझ्या सासऱ्यांकडून?"