कम्युनिटी कॉलेजची कॉम्प्युटर पदवी: फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. आमच्या बे एरियातल्या ग्रुपवर आला, न्यू जर्सीतल्या नातेवाइकांनी पुन्हा पाठवला, आणि आता पुण्याहून फोन यायला लागलेत, "हे खरं आहे का गं?" मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, कुणालाही प्रवेश मिळतो, म्हणजे दर्जा नाही. तिथले क्रेडिट, म्हणजे पास केलेल्या कोर्सची नोंद, पुढे विद्यापीठं मानत नाहीत. कॉम्प्युटरचे कोर्स जुनाट, आणि शिकवणारे कुठे नोकरी न मिळालेले. डिजिटल मीडिया म्हणजे फोटोशॉपचा क्लास. एआय आल्यावर तर या पदव्यांना रद्दीचा भाव. तेव्हा कर्ज काढा, पण मुलांना थेट चार वर्षांच्या विद्यापीठातच घाला.

मेसेज फिरतोय तो नेमका अर्ज भरायच्या दिवसांत. 'कर्ज काढा' हे वाक्य वाचून कुणीतरी खरंच कर्ज काढेल, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

"कुणालाही प्रवेश मिळतो." मिळतो, आणि तो ठरवून दिलेला आहे. कॅलिफोर्नियाने १९६० साली उच्च शिक्षणाचा आराखडा केला. शाळेतून निघणाऱ्यांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांसाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी; वरच्या एक तृतीयांशासाठी कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजे सीएसयू; आणि कम्युनिटी कॉलेजचं दार सगळ्यांना उघडं. तिथे दोन वर्षं नीट केलेल्यांना विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जागा, हाही त्याच आराखड्याचा भाग. आजही यूसीचं धोरण पहिल्या वर्षाला येणाऱ्या दर दोन विद्यार्थ्यांमागे एक ट्रान्सफर विद्यार्थी, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून मध्येच येणारा, घ्यायचं आहे. 'दोन वर्षांचं कॉलेज' म्हटलं की आपल्या लोकांना अकरावी-बारावी आठवते, तिथेच घोळ होतो. ही पदवीचीच पहिली दोन वर्षं असतात.

आत शिरणं सोपं, पुढे सरकणं सोपं नाही. कुपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात सी प्लस प्लसचे तीन कोर्स ओळीने येतात: २२ए, २२बी, २२सी. पहिला नीट पास झाल्याशिवाय दुसऱ्यात नाव घालता येत नाही, आणि तिसऱ्यात डेटा स्ट्रक्चर्स असतात. कॉलेज क्वार्टर पद्धतीचं असल्यामुळे एकेक कोर्स तीन महिन्यांत आटपतो. ज्याची गाडी पहिल्यात अडली त्याला ओळखीने पुढे ढकलणारं तिथे कुणी नाही. याच कॉलेजात शिकून पुढे यूसीच्या बर्कली कॅम्पसला गेलेल्यांत ॲपलचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियाक आहे. एका नावाने काही सिद्ध होत नाही हे मान्य, पण 'दर्जा नाही' म्हणणाऱ्याने हे नाव माहीत करून घ्यावं.

"क्रेडिट विद्यापीठं मानत नाहीत." मेसेजमधलं सगळ्यात नुकसानकारक वाक्य हेच, कारण यात अर्धं सत्य आहे.

कॅलिफोर्नियात 'असिस्ट' नावाची सरकारी वेबसाइट आहे. कॉलेज निवडायचं, विद्यापीठ निवडायचं, विषय निवडायचा. पान उघडतं त्यात डावीकडे विद्यापीठाचा कोर्स आणि उजवीकडे त्याच्या बदल्यात चालणारा कॉलेजचा कोर्स. हे आधीच लिहून ठेवलेले करार आहेत. नंतर कुणी 'आम्ही नाही मानत' म्हणू शकत नाही. ओळखीतल्या एका मुलीबरोबर मी हे पान ओळीओळीने वाचलं आहे. कॅलक्युलस जुळत होतं, प्रोग्रामिंग जुळत होतं, डिस्क्रीट मॅथ्ससमोर मात्र उजवीकडे लिहिलं होतं की जुळणारा कोर्स नाही. मग शेजारच्या दुसऱ्या कम्युनिटी कॉलेजचं पान काढलं, तिथे तो कोर्स होता. तिने तेवढा एकच तिकडे केला आणि ट्रान्सफरच्या वेळी तिचं एकही क्रेडिट अडलं नाही. हे पान पहिल्याच टर्मला उघडलं असेल तर वर्ष वाया जात नाही. चौथ्या टर्मला उघडलं तर जातं, आणि मग क्रेडिट मानत नाहीत अशी बोंब होते.

शिवाय २०१० च्या कायद्याने कॅलिफोर्नियात 'असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर' आली, म्हणजे पुढे विद्यापीठात जाण्यासाठी बेतलेली कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी. ती मिळवली की सीएसयूमध्ये तिसऱ्या वर्षाला प्रवेशाची हमी असते. कॉम्प्युटर सायन्समध्ये ही पदवी आहे, तशीच फिल्म, टेलिव्हिजन आणि इलेक्ट्रॉनिक मीडियामध्येही आहे. हमी सीएसयूच्या कुठल्यातरी कॅम्पसची असते, सॅन होजेचीच असं नाही; कॉम्प्युटर सायन्सला तिथे गर्दी फार. यूसीचे डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहा कॅम्पस अटी पूर्ण केल्यास प्रवेशाची हमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो देत नाहीत. आणि ही हमी प्रत्येक विषयाला लागू नसते. कॉम्प्युटर सायन्स आणि इंजिनीअरिंग काही ठिकाणी तिच्याबाहेर आहेत. कॅम्पस आणि विषय दोन्ही तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

न्यू जर्सीत २००८ पासून राज्यभराचा ट्रान्सफर करार आहे. तिथल्या कम्युनिटी कॉलेजची एए (असोसिएट इन आर्ट्स) किंवा एएस (असोसिएट इन सायन्स) पदवी घेऊन राज्यातल्या सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळाला, की पहिल्या दोन वर्षांचे क्रेडिट पूर्ण धरले जातात. यातली मेख अशी की तिथे एएएस (असोसिएट इन अप्लाइड सायन्स) नावाची तिसरी पदवीसुद्धा असते. ती थेट नोकरीसाठी बनवलेली आहे आणि या करारात बसत नाही. एडिसनमधल्या आईवडिलांनी मिडलसेक्स कॉलेजचं माहितीपत्रक बघताना आधी ही अक्षरं बघावीत. नेटवर्किंग किंवा वेब डेव्हलपमेंटची एएएस घेऊन दोन वर्षांत कामाला लागायचं असेल तर ती उत्तमच. पुढे रटगर्स या तिथल्या सरकारी विद्यापीठात जायचं असेल तर ती वाट चुकीची.

आता तथ्य कुठे आहे तेही सांगते. देशभरात कम्युनिटी कॉलेजात शिरलेल्या विद्यार्थ्यांपैकी साधारण तिसरा हिस्साच पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जातो, आणि सहा वर्षांत बॅचलर पदवी हातात पडते ती साधारण १६ टक्क्यांच्या. हा आकडा वाईट आहे आणि तो झाकण्यात कुणाचंच भलं नाही. पण त्यामागे नोकरी करून अर्धवेळ शिकणारे आहेत, मुलं सांभाळणारे आहेत, एकच कोर्स करायला आलेले आहेत, आणि ज्यांना धड सल्ला मिळाला नाही असेही पुष्कळ आहेत. पूर्णवेळ शिकणाऱ्या, घरचा आधार असलेल्या, पहिल्या टर्मपासून समुपदेशकाला भेटणाऱ्या मुलाला हा आकडा जसाच्या तसा लावणं चूक आहे.

"शिकवणारे नोकरी न मिळालेले." हे वाचून मला राग आला. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकवायला साधारणपणे मास्टर्स लागते. मल्टिमीडियासारख्या कामाच्या विषयांत मास्टर्सऐवजी पदवी आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव धरला जातो, आणि तो धरलाच पाहिजे. ॲनिमेशन शिकवणाऱ्याने स्टुडिओत रात्री जागवलेल्या असाव्यात. दिवसा कंपनीत काम करून संध्याकाळी शिकवणारे तिथे भरपूर. त्यांना अर्धवेळ नेमणुकीचे पैसे कमी मिळतात, हक्काची खोली नसते, वर्गानंतर भेटायला वेळ कमी असतो. ही खरी तक्रार आहे आणि ती कॉलेजांनी सोडवायला हवी. मात्र तुमचा प्रोग्राम तपासणारा माणूस सहसा तुम्हाला शिकवणाराच असतो. मोठ्या विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाला शेकड्यांनी मुलं भरलेल्या सभागृहात ते सुख नसतं.

जुनाटपणाचं म्हणाल तर ॲरिझोनाच्या मॅरिकोपा कॉलेजांनी इंटेलबरोबर एआयची असोसिएट पदवी २०२० मध्येच सुरू केली. सायबर सुरक्षेत ज्या शिक्षणसंस्थांना अमेरिकेची राष्ट्रीय सुरक्षा संस्था, एनएसए, मान्यता देते, त्यांत कम्युनिटी कॉलेजं आहेत.

"डिजिटल मीडिया म्हणजे फोटोशॉपचा क्लास." सँटा मोनिका कॉलेजचं एकच उदाहरण पुरे. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये निवडक कम्युनिटी कॉलेजांना बॅचलर पदवी द्यायची परवानगी दिली, तेव्हा सँटा मोनिकाने इंटरॲक्शन डिझाइन निवडलं. ॲप वापरताना माणूस कुठे अडतो हे शोधणं, त्यावर प्रोटोटाइप, म्हणजे कच्चा नमुना, बनवणं, तो लोकांच्या हातात देऊन पुन्हा बदलणं, असं हे शिक्षण. २०२१ च्या कायद्याने अशा पदव्या कायमच्या झाल्या. फीचा हिशेब करा: राज्यातल्या रहिवाशांना पहिल्या दोन वर्षांचे ६० युनिट (म्हणजे क्रेडिट) ४६ डॉलरने, म्हणजे २,७६० डॉलर. वरच्या दोन वर्षांना युनिटमागे ८४ डॉलर जास्त, म्हणजे १३० डॉलरने ६० युनिट, ७,८००. चार वर्षांची पूर्ण बॅचलर पदवी १०,५६० डॉलरमध्ये. यूसीत आज नव्याने शिरणाऱ्याची एका वर्षाची फी याहून जास्त आहे. राहणं, खाणं, पुस्तकं वेगळी, पण मूल घरूनच जात असेल तर तिथेही मोठी बचत होते.

"एआय आल्यावर पदवीला रद्दीचा भाव." सुरुवातीच्या पदाच्या नोकऱ्या आटल्यात, हे इथे प्रत्येक घरात जाणवतंय. पण ती अडचण चार वर्षांच्या पदवीधरालाही तितकीच छळतेय, आणि त्यातल्या अनेकांच्या डोक्यावर वर कर्ज आहे. दोन वर्षांनी पुढचा बाजार कसा असेल हे आज कुणालाच सांगता येत नसेल, तर पहिली दोन वर्षं २,७६० डॉलरमध्ये काढून तिसऱ्या वर्षी विषय नव्याने निवडता येणं हा शहाणपणाचा सौदा आहे. कॉम्प्युटरकडून सांख्यिकीकडे, डिझाइनकडून नर्सिंगकडे वळणारी मुलं असतात. कमी खर्चात वळता आलं तर घरात भांडणंही कमी होतात.

पुण्या-नाशिकच्या पालकांना मात्र वेगळं सांगायला हवं, कारण वरचे फीचे आकडे त्यांच्यासाठी नाहीत. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्या मुलाला परदेशी विद्यार्थ्याची फी पडते, ती कित्येक पट असते. असोसिएट पदवीनंतर एक वर्षाचं ओपीटी, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करायची परवानगी, मिळतं, पण तंत्रज्ञान विषयांना मिळणारी दोन वर्षांची वाढ बॅचलर किंवा त्यावरच्या पदवीलाच आहे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठीही बॅचलर किंवा त्याच्या तोडीची पात्रता लागते. त्यामुळे भारतातून यायचं असेल तर दोन वर्षांवर थांबायचा बेत करू नका. ट्रान्सफर कुठे, कुठल्या विषयात, आणि चारही वर्षांचे पैसे कुठून, हे व्हिसाच्या मुलाखतीआधी कागदावर मांडलेलं असू द्या.