मंगळावर जाणाऱ्या नाटकवाल्यांसाठी चार सूचना

मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या रात्री झाडीपट्टीचं (आमच्या पूर्व विदर्भातलं) नाटक पाहिलं. दहाचं नाटक बाराला उघडलं, ते चालायचंच. तिसऱ्या अंकात हिरो रॉकेटात बसला, आणि सोमवारी माझ्या सातवीतला पोट्टा उभा राहून म्हणतो, "सर, वरतं गुरुत्वाकर्षण नसतेच. नाटकात बटन दाबलं का बंद झालं ना बाप्पा!"

तर लेखकभाऊ, पुढच्या हंगामासाठी हे घ्या.

अवकाशात स्फोट दणक्यातच करा. तिथं हवा नाही, आवाज पोचत नाही, पण साउंडवाल्याचं भाडं तर द्यावंच लागते.

मंगळाला सहा-सात महिने लागतात. तुम्ही एका लावणीत पोचवा.

बायकोचा फोन मंगळावर पहिल्या रिंगला लागू द्या. अंतर कमी-जास्त होईल तसं नुसत्या संदेशाला जायलाच ३ ते २२ मिनिटं लागतात. आमच्याकडे टॉवरखाली उभं राहूनही लागत नाही, ते सोडा.

हेल्मेट फुटलं की माणूस सुतळी बॉम्बसारखा फोडा. १९६६ साली ह्यूस्टनला निर्वात कोठडीत एका तंत्रज्ञाच्या सूटची नळी निसटली. चौदा-पंधरा सेकंदांत तो बेशुद्ध पडला, हवा भरल्यावर शुद्धीवर आला. जिभेवरची लाळ उकळताना जाणवली, एवढं त्याला आठवत होतं. पण त्यात लाल रंग कुठं उधळणार?

आणि ते बटन. राहू द्या. नाही, कशाला राहू द्या? अवकाश स्थानक साधारण ४०० किलोमीटर वर आहे, म्हणजे नागपूरहून गाडी धरली तर जेमतेम भुसावळ. तिथं गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्यापेक्षा जेमतेम अकरा-बारा टक्के कमी! १९८४ साली राकेश शर्मा तरंगले, २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला अठरा दिवस स्थानकात तरंगला, ते गुरुत्वाकर्षण संपलं म्हणून नाही. यानही पडत असते, माणूसही पडत असतो, सोबतच. फक्त ताशी २८ हजार किलोमीटरच्या वेगामुळे पृथ्वीला चुकवत पडतात, दीड तासाला एक फेरी. ते थांबलं तर सरळ खाली येतील, बटन दाबा नाहीतर नारळ फोडा!

दुसऱ्या अंकात धुरकऱ्यानं बैलाच्या मानेवर जू उलटं ठेवलं असतं, तर लोकांनी मंडप डोक्यावर घेतला असता. म्हणून ते तुम्ही तीनदा तपासता. रॉकेट कोणी पाहिलं नाही, मग दाखवा काही पण? काहून? समोर सतरंजीवर पोट्टे पहाटे तीनपर्यंत डोळे फाडून बसले होते. आमची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, त्याचीही चावी सापडत नाही. त्यांना अवकाश तुम्हीच दाखवता, अन् तेही खोटं. एखाद्या मास्तरला विचारलं असतं तर काय बिघडत होतं? लाज वाटू द्या जराशी.

शनिवारी शाळेच्या स्लॅबवरून तळाला भोक पाडलेली पाण्याची बाटली सोडणार आहे. हातात असेतो धार लागते, पडताना बंद होते. पाहायला या. तिकीट नाही, अन् वेळेवर सुरू होते.