मान डोलावणारी जीप

आमची जीप १९९८ सालची. पाटी एमएच-०७, म्हणजे माहेर सिंधुदुर्ग. आधीच्या मालकाने तिला बारा वर्षं मालवणच्या खाऱ्या वाऱ्यावर उभी केली आणि मग कोल्हापुरात माझ्या गळ्यात बांधली. फोर व्हील ड्राइव्हचा छोटा दांडा ओढला की अजूनही ती चिखलातून म्हशीसारखी निवांत बाहेर येते. तिचं बिनसतं ते डांबरी रस्त्यावर.

गल्लीच्या तोंडाशी एक गतिरोधक आहे. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसप्रमाणे गोलसर पाठीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा. तो ताशी २५ किलोमीटरने सुखात ओलांडता येतो. आमचा उरलेल्या डांबरातून एका रात्रीत झालाय. रुंदी दोन वीत, उंची ज्याच्या त्याच्या श्रद्धेप्रमाणे. त्यावरून गेलं की जीप उसळायची आणि मग उसळतच राहायची. किराणा दुकान मागे पडायचं, दवाखाना मागे पडायचा, गाडी आपली वर-खाली, वर-खाली. ब्रेक दाबला की नाक रस्त्याला लावून नमस्कार. बायको मागच्या बाकावर दोन्ही हातांनी पाइप धरून बसायची आणि एक अक्षर बोलायची नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटायची.

तक्रार नव्हती ती फक्त आईची. दर रविवारी जोतिबाला जायचं. शिवाजी पुलावर जपाची माळ सुरू व्हायची आणि केर्ली यायच्या आत माळ मांडीवर, मान खांद्यावर.

शेवटी गाडी मिस्त्रींना दाखवली. त्यांनी बॉनेटच्या कोपऱ्यावर तळहात ठेवले, अंगाचा भार टाकला आणि सोडला. शॉकप, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, धड असते तर गाडी एकदा वर येऊन गप्प झाली असती. आमचीने चार वेळा मान डोलावली.

"बघा सर, ती सवताच हो म्हणत्या," मिस्त्री म्हणाले. मग खाली वाकून त्यांनी शॉकपवरचं तेलाधुळीचं लिंपण नखाने खरवडलं. "ह्यातलं त्याल कवाच भाईर आलंया. आता नुसती नळकांडी हाईत."

मला इतकी वर्षं वाटायचं, गाडीचं ओझं शॉकप उचलतात. ओझं वाहतात ते पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. शॉकपच्या पोटात तेल आणि एक दट्ट्या असतो. दट्ट्याच्या बारीक भोकांतून तेल दाबून जाताना पाट्यांची उसळी जिरते आणि तेल गरम होतं. म्हणजे हादरा टाळणं त्याच्या हातात नाही. झालेला हादरा लवकर मिटवायचा, एवढंच. आमच्या घरात हे खातं वडिलांकडे होतं. तेही गरम व्हायचे.

मिस्त्रींना आठवडाभर सवड नव्हती. मी म्हटलं, चार शॉकप, आठ नट, दोन तासांचं काम. मी शाळेत भूगोल शिकवतो, भूकंपलहरी फळ्यावर काढतो. मला काय अवघड?

दुकानदाराने विचारलं, "तेलाचे का गॅसचे?" मी घरी शेगडी कोणती आहे ते सांगणार होतो, पण सावरलो आणि "गॅसचे" म्हणालो. पैसे वाचवावेत म्हणून मागचे दोनच घ्यायचा, त्यातही जमलं तर एकच, असा विचार होता. जोडीतला एकच बदलू का, असं मिस्त्रींना फोनवर विचारलं. "एका अंगाला खोंड आन् दुसऱ्या अंगाला म्हातारा बैल जुपून चालतंय व्हय सर?" चारही घेतले.

गॅसचा नवा शॉकप दाबून पट्टीने बांधलेला असतो. का, ते मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पट्टी कापल्यावर कळलं. दांडा सावकाश, कुणाचीही पर्वा न करता बाहेर निघाला आणि त्याने ताकाचा गंज शांतपणे काठापर्यंत ढकलत नेला. मी दोन्ही हातांनी शॉकप दाबत होतो, त्यामुळे गंज धरायला हात नव्हता. ताक सांडलं. तो पुन्हा आखडावा म्हणून त्याच्यावर बसायचाही प्रयत्न केला. मुलीने फोटो काढला.

शनिवारी सकाळी गाडी जॅकवर चढवली, खाली घोड्या लावल्या, चाकं काढली. सात नट निघाले. अंगठा सोलला, पण निघाले. आठवा, मागच्या डाव्या शॉकपचा खालचा, मालवणहूनच न निघण्याचा निश्चय करून आला होता. त्याला रॉकेल पाजलं. गंजाचं तेल मारून रात्रभर ठेवलं. पान्यावर जीआय पाइपचा तुकडा चढवून लोंबकळलो, तर पाना घसरला आणि षटकोनी नट गोल झाला. शेजारचे निवृत्त काका स्टूल घेऊन बसले होते. ते दर दहा मिनिटांनी विचारायचे, "निघाला?" स्वर असा, की आत कुणीतरी अत्यवस्थ आहे.

रविवारी जोतिबा चुकला. आई म्हणाली, "देव काय कुठं जात नाही, तुझं चालू दे." हे ऐकून मला आणखी खजील वाटलं.

संध्याकाळी मिस्त्री आले. गाडीखाली डोकावले. पाना कुठल्या बाजूने, कसा लावला होता ते दाखवायला सांगितलं. मी पाठीवर सरकत आत गेलो आणि दाखवलं.

"सर, मागनं हात घालून आवळत हुतासा की दोन दिस."

काकांनी स्टूल आणखी जवळ ओढलं.

मिस्त्रींनी छिन्नी नटाच्या अंगावर लावली, हातोड्याचे तीन घाव घातले आणि नट भाजलेल्या शेंगेसारखा उकलला. आटे शाबूत. चहा निवायच्या आत चौथा शॉकप बसला. मी उत्साहाने नट आवळायला गेलो, तर त्यांनी हात धरला. "आता न्हाई. चाकं लावा, गाडी खाली सोडा, आपल्या पायावर हुबी ऱ्हाऊ द्या, मग आवळा. न्हाईतर बुशाचं रबर पिळवाटतंय." मग त्यांनी बॉनेटचा कोपरा दाबला. गाडी एकदा वर आली आणि गप्प बसली. चार वेळा हो म्हणणारी बाई एकदम ठाम झाल्यासारखी वाटली.

पुढच्या रविवारी गतिरोधक ओलांडला. एकच ठोसा, आणि संपलं. बायको मागून "बरं वाटतंय हं" म्हणाली. तिच्या तोंडून गाडीबद्दल निघालेलं हे पहिलं वाक्य.

शिवाजी पूल गेला. वडणगे फाटा गेला. केर्ली आली तरी माळ चालूच. आई ताठ बसून रस्त्याकडे बघत होती.

"हा खड्डा दिसला नाही का तुला?"

"दिसला."

"मग घेतलास कशाला? आणि पुढचा ट्रक किती जवळ आलाय बघ."

घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत तिने माझे तीन गिअर, एक हॉर्न आणि लग्नाआधीचा एक अपघात काढला. मग माळ पिशवीत ठेवत विचारलं, "पूर्वी कसा पाळण्यात बसल्यागत डोळा लागायचा. ते जुने चार भंगारात घातलेस का रे?"