४७ बार गप्प

कॉन्सर्ट बँडमध्ये पर्कशनवाल्याच्या, म्हणजे झांज-ड्रम असली ठोकायची वाद्यं वाजवणाऱ्याच्या, हातात जो कागद येतो ना, त्यावर सूर कमी आणि आकडे जास्त असतात. क्लॅरिनेटवाल्यांचं पान बघा, मुंग्या सुटल्यासारखं काळंकुट्ट, आणि आमच्या पांढऱ्याशुभ्र पानावर एक जाड आडवी रेघ नि तिच्या डोक्यावर लिहिलेलं ४७. म्हणजे ४७ बार, तालाचे ४७ छोटे तुकडे, गप्प उभं राहायचं आणि मग एकदा झांज मारायची. एका बारमध्ये चार मात्रा धरल्या तर १८८ मात्रा झाल्या, तेवढ्या मनातल्या मनात मोजायच्या, चेहरा रसिकासारखा ठेवायचा, आणि १८९व्या मात्रेला असा काही दणका द्यायचा की शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाटलं पाहिजे, हा मुलगा मगाचपासून याचीच वाट बघत होता. बघतच होतो ना भाऊ, दुसरं काय करत होतो!

विद्यापीठाच्या बँडचा स्प्रिंग कॉन्सर्ट म्हटलं की लोकांना वाटतं सगळं टेन्शन बासरी-ट्रम्पेटवाल्यांना, कारण ते सारखे वाजवत असतात. अहो पण सारखं वाजवणाऱ्याचा एखादा सूर हुकला तर तो पन्नास जणांच्या आवाजात विरून जातो, पुढचा सूर लगेच येतो, कोणाला पत्ता नाही. झांजेचं तसं नसतं. ती एक बार आधी वाजली तर अख्ख्या हॉलला कळते, संगीतातलं ओ की ठो न कळणाऱ्यालासुद्धा, आणि आजूबाजूला लपायलाही काही नसतं, कारण आम्ही सगळ्यात मागे, उंचवट्यावर, उभे.

तर मोजणी. मोजायचं असं असतं: १-२-३-४, २-२-३-४, ३-२-३-४, म्हणजे पहिला आकडा बारचा, बाकीचे मात्रांचे. दहा-बारापर्यंत मस्त जातं, मग साधारण १९च्या आसपास मनात येतं की खोलीला कुलूप लावलं का, आणि परत आलो की आता २३ चालू आहे की २४ हा प्रश्न उभा राहतो. मग शेजारी बघायचं. शेजारी बास ड्रमवाला, पलीकडे ट्रँगलवाली, तिच्या पलीकडे टिंपनीवाला, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांवाला, चौघंही ओठ हलवत स्वतंत्र मोजतायत आणि चौघांचे आकडे जुळले तर तो निव्वळ योगायोग. अशा वेळी ज्याचा चेहरा सगळ्यात ठाम त्याचं ऐकायचं असा आमचा अलिखित नियम आहे, फक्त अडचण एवढीच की आमच्यातला सगळ्यात ठाम चेहरा बास ड्रमवाल्याचा आणि सगळ्यात चुकीचा आकडाही त्याचाच.

यावर उपाय म्हणून छापणारे लोक दया येऊन आमच्या कागदावर बारीक अक्षरात दुसऱ्याचे सूर छापतात, क्यू म्हणतात त्याला, की बाबा रे, बसून नावाच्या लांबलचक फुंकवाद्याचा हा तुकडा ऐकू आला की समज आता तुझी पाळी जवळ आलीये. छान कल्पना आहे. पण बसूनचा आवाज आमच्यापर्यंत पोचायचा तर मध्ये ट्रॉम्बोन आणि ट्यूबा यांची भिंत, त्यामुळे बसून वाजतोय हे आम्ही वाजवणारीच्या खांद्यांकडे बघून ओळखायचो. आणि अर्ध्या रिहर्सलींना तर ती रीड, म्हणजे वाद्यात फुंकायची पातळ पट्टी, तासत बसलेली असायची, मग खांदेही नाहीत.

रिहर्सलमध्ये वेगळाच छळ. कंडक्टर सर मध्येच थांबवणार, क्लॅरिनेटला चार शब्द सुनावणार, आणि म्हणणार, चला, जी अक्षराच्या आधी ११ बार, तिथून घ्या! (जागा सांगता याव्यात म्हणून कागदावर अशी इंग्रजी अक्षरं छापलेली असतात.) वाजवणारे लोक मागे बोट फिरवतात, ११ बार मोजतात, वाद्य तोंडाला लावून तयार. आमच्याकडे जीच्या आधी २४ची अखंड रेघ. म्हणजे १३ होऊन गेले, ११ उरले, हे गणित होईपर्यंत सरांनी हात खाली आणलेला असतो आणि बँड तिसऱ्या बारला पोचलेला असतो. एका क्रेडिटसाठी घेतलेल्या विषयात एवढी वजाबाकी असेल असं कोणी सांगितलं नव्हतं.

कॉन्सर्टच्या दिवशी आधी ट्यूनिंग. ऑर्केस्ट्रा ओबो या फुंकवाद्याच्या ए सुराला जुळतो, बँडमध्ये बहुतेक वेळा बी फ्लॅट घेतात, आणि गंमत म्हणजे सगळे एकच सूर काढत असले तरी क्लॅरिनेटवाला त्याला सी म्हणतो, आल्टो सॅक्सवाला जी म्हणतो, हॉर्नवाला एफ, आणि प्रत्येकाला वाटतं आपलंच बरोबर. झांजेला हा प्रश्न नाही. मी आपला उभा. एवढं जुळवून स्टेजवर गेलो की वरचे दिवे तापतात, फुंकून फुंकून वाद्यंही तापतात, आणि सगळे सूर हळूहळू वर सरकायला लागतात, म्हणजे दुसऱ्या तुकड्यापर्यंत मगाचा सगळा खटाटोप पाण्यात. टिंपनीवाला तर भर गोंगाटात ड्रमच्या कातड्याला कान लावून पायाने पेडल दाबत सूर शोधत असतो, लांबून वाटतं याला ड्रमने काहीतरी घरगुती भांडण सांगायला घेतलंय.

पहिलंच संगीतकार होल्स्टचं फर्स्ट सुइट. १९०९चं आहे, बँडवाल्यांचं एकदम लाडकं, आणि होल्स्ट स्वतः ट्रॉम्बोन वाजवायचा त्यामुळे आमच्या ट्रॉम्बोनवाल्यांची मान त्या दिवशी इंचभर वर. तीन भाग आहेत, आणि त्याने लिहून ठेवलंय की मध्ये न थांबता सलग वाजवा. पहिल्या भागाचा शेवट एवढा भव्य आहे की लोकांनी टाळ्या वाजवल्याच. सरांनी हात तसाच हवेत धरून ठेवला, म्हणजे ओळखा, पण लोकांना वाटलं सर टाळ्यांना दाद देतायत, मग त्यांनी अजून जोरात वाजवल्या. शेवटी सरांनी त्या टाळ्यांतच पुढचा भाग सुरू केला आणि आम्ही चौघं पहिला बार नक्की कुठे गेला ते एकमेकांना डोळ्यांनी विचारत राहिलो.

मग संगीतकार ग्रेंजरच्या लिंकनशायर पोझी या रचनेतला लॉर्ड मेलबर्न नावाचा भाग. हे १९३७चं काम, आणि या भागात त्याने मोठमोठ्या जागा अशा ठेवल्यात की तिथे ताल लिहिलेलाच नाही, कंडक्टरने आपल्या मर्जीने एकेक सूर हवा तेवढा ताणायचा. ऐकायला फार भारी लागतं, खरंच. पण ज्याचं अख्खं करिअर मोजण्यावर उभं आहे त्याच्यासमोर मोजायलाच काही नाही ठेवलं तर त्याने जायचं कुठे? मी सरांच्या काठीच्या टोकाकडे बघत होतो आणि काठी ट्यूबाच्या भोंग्यामागे गेली की देवावर हवाला.

एका हळू तुकड्यात ओबो एकटा, हॉल चिडीचूप, आणि खालून ट्यूबाचा एक लांबच लांब सूर. त्या सुराने आमचा स्नेअर ड्रम आपोआप झिर्रर्र करायला लागला. त्याच्या पोटाखाली तारा असतात, शेजारी कोणी खालचा सूर धरला की त्याही थरथरतात, म्हणून वाजवायचं नसताना खटका पाडून तारा सैल करायच्या असतात. ट्रँगलवालीने धावत जाऊन खटका पाडला. खट्! झिर्रर्र निदान संगीतात मिसळत तरी होतं.

आणि मग तो ४७. आता झांज वाजवणं म्हणजे दोन ताटल्या एकमेकींवर आपटणं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा करून बघावं. दोन्ही अगदी बरोब्बर समोरासमोर आणल्या तर मध्ये हवा अडकते आणि दणक्याऐवजी फस्स् असा आवाज येतो, म्हणून एक किंचित तिरकी धरायची, एका कडेने आधी टेकवायची, बाकीची मागोमाग. याची घरी प्रॅक्टिस करता येत नाही हे सांगायला नको. मी महिनाभर रिकाम्या हातांनी करायचो, आणि हवेत मारून मग दोन्ही हात पसरून उभा राहिलेला बघून रूममेटने एकदा फार प्रेमाने विचारलं, सगळं ठीक आहे ना रे?

२८ला पहिल्या रांगेत कोणीतरी खोकलं. ३१ला चॉकलेटचा कागद, तोही हळूहळू उघडायचा प्रकार, म्हणजे चार बार पुरेल असा. ४० झाले की झांजा उचलायच्या, आणि उचलताना कडा एकमेकींना लागली की टिंग् होतं म्हणून बाळाला झोपेतून उचलावं तशा उचलायच्या. उचलल्या. आणि नेमकं तिथेच सरांना भरून आलं. त्यांनी लय अशी काही ताणली, डोळे मिटून, की ४३ संपेना, ४४ येईना, माझे दंड थरथरायला लागले, बास ड्रमवाला ठाम चेहऱ्याने मान हलवून म्हणतोय आता, आत्ता! मी नाही मारली. ४६. ४७. आणि मग मारली. वाजली हो! झकास वाजली, सोनेरी, हात पसरून दोन्ही झांजा लोकांकडे करून गुंजत ठेवल्या, पाठीतून शिरशिरी गेली आणि कागदावर खाली बघितलं तर पुढची रेघ, २६. १-२-३-४.

शेवटी संगीतकार सूझाचा स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरएव्हर हा मार्च. यात पिकोलोवाल्या, म्हणजे छोट्या बासरीवाल्या, पुढे येऊन उभ्या राहून वाजवतात अशी पद्धत आहे, लोक वेडे होतात. आमच्या बास ड्रमवाल्याने कुठेतरी वाचलंय की सूझाच्या बँडमधला बास ड्रमवाला ऑगस्ट हेल्मके कागदावर नसलेले ठोके द्यायचा आणि त्यासाठीच नावाजला गेला. तेव्हापासून हाही देतो. सर त्याच्याकडे ज्या नजरेने बघतात त्यावरून हा काही नावाजला जाईल असं वाटत नाही.

घरी आई-बाबांनी लाइव्ह बघितलं. फोन केला तर बाबा म्हणाले, "आवाज आला रे, मोठा होता, पण तू कुठे होतास?" त्या दणक्याच्या वेळी कॅमेरा बासरीवाल्यांवर होता, ज्या तेव्हा वाजवतही नव्हत्या, एक तर नाक पुसत होती. "मला दिसला की," आई मागून म्हणाली, "काळ्या शर्टात होता." सगळा बँड काळ्या शर्टात होता.

टाळ्या संपल्या की बासरीवाल्या बासरीचे तीन तुकडे करून डबीत घालतात आणि पाच मिनिटांत फुलं घेऊन फोटोला उभ्या. आमच्याकडे चार टिंपनी, एक मरिंबा, ट्युब्युलर बेल्सचा तो लोखंडी सांगाडा, बास ड्रम, आणि स्टोअररूम दुसऱ्या इमारतीत. बँडचा ग्रुप फोटो निघाला तेव्हा आम्ही चौघं सगळ्यात मोठी टिंपनी दारातून आडवी जाते की तिरकी यावर भांडत होतो, आणि कॉरिडॉरमध्ये ती मगाची नाक पुसणारी, हातात गुच्छ, समोरून आली, दार धरून उभी राहिली, म्हणाली काय मस्त वाजवलंस रे! मी एकदम विरघळलो, म्हटलं चला, एकीला तरी कळलं. थँक्स म्हणेपर्यंत तिने काखेतला म्युझिक स्टँड काढून टिंपनीवर ठेवला.

"हा पण तिकडेच जातो ना?"