महाराजांचा नाही ना? मग कशाला?

ग्रुपवर नळदुर्गचा बेत टाकला की कुणीतरी विचारतंच, ‘तो महाराजांचा आहे का?’ नाही बाबांनो, आदिलशाहीचा. पण तेवढ्यावरून किल्ला कटाप करायचा असेल, तर आपण गड बघायला जात नाही, सातबारा बघायला जातो.

सोलापूरहून हैदराबाद रस्त्याला लागलं की तासाभरात नळदुर्ग. चढण नाही, दमछाक नाही. अर्धवट पडलेले वाडे, गवतात हरवलेली जोती आणि कडेनं वळसा घालून गेलेली बोरी नदी. नदीपलीकडे रणमंडळ नावाचा जोडकिल्ला. दोन्हींच्या मधे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, बंधारा घातला आणि त्याच्याच पोटात महाल बांधला. पाणीमहाल.

मागच्या पावसाळ्यात पुतण्याला घेऊन त्या जिन्यानं खाली उतरलो. ओल्या दगडाचा गारवा, अंगातून घुमणारा आवाज. खिडकीसमोरून सगळी बोरी कोसळत होती आणि आमचे शर्ट कोरडे! पोरगं पाच मिनिटं भिंतीला हात लावून उभं होतं. मग म्हणालं, ‘काका, पाणी आत का येत नाही?’ मला नीट सांगता आलं नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याला येत होतं.

आणि मालकीचंच म्हणाल, तर सरहद्दीवरच्या किल्ल्याला एक मालक कसा असेल? आदिलशाही-निजामशाहीची ओढाताण झाली, मोगल आले, मग हैदराबादचा निजाम. १८५३ मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे गेला. मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी इथूनच कारभार बघायचा. १८६० मध्ये पुन्हा निजामाकडे. १३ सप्टेंबर १९४८ ला निजामाविरुद्ध भारताची पोलीस ॲक्शन, म्हणजे लष्करी कारवाई, सुरू झाली, तेव्हा सोलापूरकडून निघालेल्या आपल्या फौजेनं पहिल्याच दिवशी बोरीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला आणि नळदुर्ग घेतलं. आपल्याकडच्या किती जणांना हे माहीत आहे? शाळेत मला तरी कुणी सांगितलं नाही.

आता गर्दी होते ती फक्त बंधाऱ्यावरून पडणारे नर-मादी धबधबे सुटले की. रील काढायची, भजी खायची, गाडीला किक. उपळी बुरुजाच्या पायऱ्या चढायचाही कंटाळा.

पुढचा रविवार धरा. धबधबे वाहत नसले तरी चला. कोरड्या बंधाऱ्यावरच बांधकाम नीट बघता येतं, आणि जिन्यावर कुणी सेल्फीसाठी अडून उभं नसतं.